सयाजीला पाडणारा पाहिजे

सातारा, २२ फेब्रुवारी १९४७

माझा लेख आज छापून आला. 'एकहस्त भीमसेन'. पहिल्या पानावर, पूर्ण स्तंभ. इंग्रज पुढच्या वर्षी जूनपर्यंत हिंदुस्थान सोडणार, या विलायतेतल्या घोषणेला त्याच पानावर अर्धा स्तंभ मिळाला आहे. आमच्या साप्ताहिकाचे संपादक अण्णा म्हणतात, इंग्रज कधीतरी जाणारच होते. एका हाताने कुस्ती खेळणारा माणूस मात्र वाचकांना नवा आहे.

लेखाचा नायक सयाजी. आष्ट्याच्या पलीकडच्या वाडीतला गडी, वय तिशीच्या आतबाहेर. पलटणीबरोबर इटलीत गेला आणि डावा हात कोपराच्या वरपासून तिथेच ठेवून परत आला. लढाईच्या आधी पंचक्रोशीतल्या मैदानांत त्याचे नाव होते. गेल्या महिन्यात मी वाडीत गेलो तेव्हा तो गावच्या ओस तालमीत एकटाच, एका हातावर जोर मारीत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आले. त्याने ते पाहिले आणि विचारले, "धूर लागला का पंत?" विनयशील माणूस आहे.

त्याचा फोटो आमच्याकडे नव्हता. अण्णांपाशी केसाच्या तेलाच्या जाहिरातीतल्या पहिलवानाचा जुना ठसा पडून होता, त्याचाच एक हात कानशीने घासून काढला. छापल्यावर पाहतो तो डाव्याऐवजी उजवा हात नाहीसा झालेला. ठशात डावे-उजवे उलटे असते, हे जन्मभर छापखाना चालवणाऱ्या माणसाने विसरावे! अण्णा म्हणाले, "भाव महत्त्वाचा."

रात्री माझी पत्नी चारुशीला हिने लेख वाचला. "छान आहे. पण त्याला हवंय काय, ते कुठे लिहिलंय?"

मी म्हटले, अशा माणसांना काही नको असते, हेच तर लेखाचे सार.

"त्याला विचारलंत?"

बायकांचे लक्ष नेहमी किरकोळ तपशिलाकडे.

३ मार्च

लेखाने साताऱ्यात खळबळ उडाली आहे. वाईहून एका शास्त्रीबुवांचे पत्र आले : भीमसेनाला दोन्ही हात होते, सबब उपमा सदोष. बाकी सगळे भारावलेले आहेत. रावसाहेब, म्हणजे आमच्या पेठेतले पेन्शनर मामलेदार, सर्वांत जास्त. आज त्यांनी बैठक बोलावली. "नुसतं भारावून भागायचं नाही, पंत. कृती पाहिजे!"

कृती अशी ठरली : पेठेतल्या निवडक गृहस्थांनी सात दिवस एक हात उपरण्याने अंगाशी बांधून सर्व व्यवहार करायचे. नाव, 'एकहस्त सप्ताह'. त्यामुळे सयाजीचे दुःख आपल्याला कळेल.

मी विचारले, "कळल्यावर काय करायचं?"

"ते आठव्या दिवशी ठरवू."

कोणता हात बांधायचा यावर बराच खल झाला. एकाने अंकातले चित्र पुढे करून उजवा म्हटले. पण उद्या रावसाहेबांना पेन्शनच्या कागदावर सही करायची आहे. डावा ठरला.

५ मार्च

एका हाताने धोतर नेसता येत नाही. एवढे साधे वाक्य, पण त्याचे ज्ञान व्हायला अर्धी सकाळ गेली. निऱ्या धरल्या तर काष्टा सुटतो, काष्टा धरावा तर मूळ विषयच निसटतो. शेवटी चारुशीलेला हाक मारली. ती दारातूनच म्हणाली, "सयाजीला त्याची बायको नेसवते का?"

"तो पलटणीतली चड्डी घालतो."

"मग घाला."

१० मार्च

सप्ताह संपला. खरे सांगायचे तर तो दुसऱ्याच दिवशी संपला होता. ज्या कारणासाठी माणूस पहाटे पाण्याचा तांब्या घेऊन परसात जातो, त्या कारणापाशी येऊन निवडक गृहस्थ थबकले. डावा हात बांधताना या गोष्टीचा विचार कोणीच केला नव्हता. सगळ्यांनी ज्याच्या-त्याच्या परसात गुपचूप उपरणी सोडली आणि बाहेर येताना पुन्हा बांधली. मीही.

आज समारोपाची सभा. रावसाहेब गहिवरून बोलले : या सात दिवसांत आम्ही काय भोगले ते आमचे आम्हांला ठाऊक. मग ठराव झाला, की सयाजीस एक शाल द्यावी. ती नेऊन देण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

सांगली, १७ मार्च

सर्व्हिस मोटारीने कऱ्हाड, इस्लामपूर करीत काल संध्याकाळी इथे पोचलो. अंगावर धूळ आणि मांडीवर शाल. आज नदीकाठी कुस्त्यांचे मैदान होते आणि त्यात सयाजी लढणार होता. माझ्या लेखणीचा पराक्रम मी या डोळ्यांनी पाहिला.

हलगी कडाडली. सयाजीने मातीत फेरी मारून हात वर केला, म्हणजे 'आहे का कोणी जोडीदार?' मिरजेकडचा एक धिप्पाड गडी उतरला. त्याने सयाजीला हात जोडले. मग जेवणानंतर आपण वामकुक्षीला पडतो तसा, लंगोट सावरून, तो सावकाश उताणा झोपला.

"उठ की रं गड्या!" सयाजी म्हणाला. "अजून हात बी लावला न्हाई तुला!"

त्याने डोळे मिटले. "नगं दादा. हितंच बरं हाय."

टाळ्यांचा कडकडाट. सयाजी विजयी.

दुसऱ्या खेपेस दोघे एकदम उतरले आणि सयाजीकडून हरण्याचा मान कोणाचा, यावरून आपसांतच जुंपली. आजच्या मैदानातली खरी कुस्ती म्हणायची तर ती एवढीच. जो जिंकला तो धापा टाकीत सयाजीपुढे आला आणि पडला. तिसऱ्याने स्वतःचा डावा हात पाठीशी बांधून घेतला होता. तो वाकून नमस्कार करतानाच तोल जाऊन कोलमडला. पंचांनी तीही कुस्ती निकाली धरली. एक गृहस्थ आमचा अंक फडकावीत ओरडत होते, की हा सयाजी तोतया आहे, खऱ्याला उजवा हात नाही. सयाजी त्यांना शांतपणे म्हणाला, "चुकलं आसंल माझं."

मैदानानंतर मी त्याला चहाच्या दुकानात नेले. "सयाजी, तू अजिंक्य झालास!"

त्याने कप खाली ठेवला. "आवं पंत, तुमी त्या कागदात लिव्हलं तरी काय?"

"सत्य."

"मग मला पाडायला कुणी का तयार न्हाई?"

हळूहळू त्याने सगळे सांगितले. वाडीच्या तालमीचे वस्ताद जोतिबा गेल्या दिवाळीत वारले. तेव्हापासून तालीम ओस आहे. वस्तादाला सुगीत घरटी धान्य मिळते आणि रोजचे दूध. सयाजीला ती जागा हवी आहे. पलटणीच्या पेन्शनीत मीठमिरची होते, भाकरी नाही. बायको दुसऱ्यांच्या उसात भांगलायला जाते. गावच्या पाटलांनी सांगितले, एका हाताचा गडी कुस्ती शिकवू शकतो हे गावाला दिसले पाहिजे. चैत्र वद्य अष्टमीच्या जत्रेत एक खरी कुस्ती करून दाखव. हरलास तरी चालेल, पण खरी हवी. नाहीतर पाटील कोल्हापूरहून दुसरा वस्ताद आणणार.

"आता मला सांगा," सयाजी म्हणाला, "खरी कुस्ती एकट्यानं कशी करायची?"

मी त्याला धीर दिला. म्हटले, थोर पुरुष नेहमी एकाकीच असतो.

त्याने स्वतःचा कप उचलून संपवला. मग म्हणाला, "चा गार झाला तुमचा."

वाडी, १८ मार्च

सकाळी सयाजीच्या घरी शाल पोचवली. त्याची बायको रंगूबाई अंगणात बसली होती. तिने शाल घेतली, उलटून पाहिली, आणि आधीच्या शालींना जोडून दोरा घालायला लागली. वाकळ शिवते आहे. बऱ्याच गावांच्या सत्कारांची वाकळ आहे ती. कडेला कुठेकुठे जर चमकतो.

"पंत, एक इचारू?" दातांनी दोरा तोडीत ती म्हणाली. "उन्हाळ्याच्या तोंडावर शाली वाटत्यात, त्या लोकांचं डोकं बरं हाय न्हवं?"

मी म्हटले, ही कृतज्ञतेची ऊब आहे.

"व्हय. लय उकडतंय तिनं."

मग पाटलांना भेटलो. पाटील वाईट माणूस नाही. सयाजी वाटेने गेला तेव्हा ते ओट्यावरून उठून उभे राहिले, हात जोडले. मी म्हटले, एवढा मान देता, तर जागाही द्या.

"आवं, म्हणून तर देता येत न्हाई! देवाला कुणी चाकरीला ठेवतं व्हय? उद्या पोरगं मातीत आपटलं, मुंडी मुरगळली, तर बाप येऊन वस्तादाला शिव्या घालतो. घालायलाच पायजेत, त्याबिगर तालीम चालत न्हाई. ह्याला कोण घालणार? माझ्या तरी तोंडातनं निघायच्या न्हाईत."

"म्हणजे त्याला शिव्या पडल्या, की जागा मिळेल?"

"चांगल्या मोकळ्या पडायला पायजेत," पाटील गंभीरपणे म्हणाले.

न्यायशास्त्रात मी दोन वर्षे घालवली आहेत. पाटलांच्या युक्तिवादात मला छिद्र सापडले नाही.

सातारा, २४ मार्च

काल पाडवा. श्रीखंड खाताना सयाजीची अडचण चारुशीलेला सांगितली. ती म्हणाली, "मोलकरीण हवी असली की आपण काय करतो? चार जणांत सांगून ठेवतो."

तिने सहज म्हटले. पण माझ्यापाशी चार जण नव्हेत, अख्खे साप्ताहिक आहे. आज अण्णांना जाहिरात नेऊन दिली :

'पाहिजे : सयाजी यांस जत्रेच्या जाहीर मैदानात प्रामाणिकपणे पाडणारा मल्ल. दयाळू इसमांनी अर्ज करू नयेत.'

अण्णांनी ती तीनदा वाचली. "पंत, महिन्यापूर्वी तुम्हीच याला देव केलात."

"आता भक्त शोधतो आहे," मी म्हटले, "जरा निराळ्या प्रकारचा."

३१ मार्च

जाहिरातीला उत्तरे आली. कऱ्हाडच्या एका सद्गृहस्थांनी मी कोणत्या नरकात जाईन ते नावानिशी कळवले आहे. त्यांनी सांगितलेला नरक पुराणांत नाही. एकाने विचारले, पाडण्याऐवजी पडण्याची जागा रिकामी असल्यास तो तयार आहे, भोजनखर्च मिळावा. रावसाहेब रस्त्यात माझ्याशी बोलले नाहीत. त्यांनी स्वतःचा डावा हात छातीशी धरला आणि मान फिरवली.

पाडणारा एकही नाही. जत्रा जवळ आली.

संध्याकाळी आष्ट्याकडून आलेल्या मोटारीच्या ड्रायव्हरने सयाजीचा निरोप आणला : शेजारच्या गावचा हंबीरराव. लढाईपूर्वी सयाजीला त्याने पाडले होते, सयाजीने त्याला पाडले होते, असा जुना हिशोब. हंबीरराव कबूल आहे, पण त्याची आई चंद्राबाई नको म्हणते. चावडीवर तुमचा लेख वाचून दाखवला तेव्हापासून तिने ते चित्र देव्हाऱ्यात ठेवले आहे. तिला शास्त्राचा आधार हवा. तुम्ही शास्त्र शिकलात, तुम्हीच या.

आता यापुढे मागे फिरणे नाही. रात्री पोथ्या काढल्या. एका हाताच्या माणसाला कुस्तीत पाडावे किंवा पाडू नये, याविषयी आमच्या ऋषींनी चकार शब्द काढलेला नाही. इतर एवढ्या गोष्टींवर ते बोलले आहेत, की हे मौन मला संशयास्पद वाटते.

चंद्राबाईंचे गाव, ४ एप्रिल

शास्त्रात श्लोक नव्हता. आता आहे. इस्लामपूर ते आष्टा या टप्प्यात, मोटारीच्या धक्क्यांवर, मी तो रचला. अनुष्टुभ छंद. आशय असा : जो रण मागतो त्याला रण द्यावे, त्याला दया देणारा चोर होय, कारण तो त्याचे रण पळवतो. तिसऱ्या चरणात पाचवे अक्षर गुरू पडत होते, ते एका खड्ड्यात सुधारले.

चंद्राबाई म्हणजे काठीसारखी ताठ म्हातारी. देव्हाऱ्यात खंडोबाशेजारी केसाच्या तेलाचा पहिलवान, कपाळी हळद. मी सोवळ्यात बसून श्लोक म्हटला. हंबीरराव कोपऱ्यात उभा होता. हत्तीएवढा गडी, पण आईसमोर मांजर.

"पुन्यांदा म्हणा," म्हातारी म्हणाली.

म्हटला. अर्थ सांगितला. तिने मान हलवली, पण होकाराची नव्हे. "शास्त्र आसंल तुमचं. पर देवानं एक हात नेला, दुसरा माझ्या लेकानं मोडला, तर मी तोंड कुठं लपवू?"

सयाजीबरोबर रंगूबाईही आली होती. ती आत चुलीपाशी बसली होती. आता चंद्राबाई पाणी आणायला आत गेली, तेव्हा रंगूबाईचा आवाज भिंतीपलीकडून ऐकू आला. "काकी, आमचं काई म्हणनं न्हाई. पर आमच्या वाडीत आन् तुमच्या गावात सारी म्हणत्यात, हंबीररावला भ्या वाटतंय म्हणून म्हातारी पुढं करतोय. मी त्यास्नी सांगितलं, तसं नसंल बाई..."

मी इकडे तिसऱ्यांदा श्लोक म्हणत होतो, त्यामुळे पुढचे ऐकू आले नाही. पण दुसऱ्या चरणाला म्हातारी ताडकन बाहेर आली. "हंबीर! उद्यापास्नं दूध वाढवते. लंगोट धुऊन ठिव!"

अशा प्रकारे श्लोकाने काम केले. छंद निर्दोष असला, की अशिक्षित मनावरही त्याचा परिणाम होतो.

वाडी, १३ एप्रिल, जत्रा

जेवण बाजूला ठेवून हे लिहितो आहे.

दुपारी उशिरा सयाजी आणि हंबीरराव मातीत उतरले. चारी बाजूंना माणसेच माणसे, पुष्कळांचे हात जोडलेले. हलगीवाला भजनाच्या ठेक्यात वाजवीत होता. सलामी झाली. हंबीररावाने सयाजीला धरले, पण असे, की काचेची बरणी धरावी. मला वाटले, संपले. हा पण झोपणार. कडेच्या ओट्यावर पाटलांशेजारी कोल्हापूरचा वस्ताद मिशा पिळीत बसला होता. पाटलांनी त्याला आधीच बोलावून ठेवले होते.

सयाजीने उजव्या हाताने हंबीररावाच्या मानेवर अशी थाप मारली, की ती पाटलांच्या ओट्यापर्यंत ऐकू आली. लगेच टांग टाकली. हत्ती गुडघ्यांवर आला. सयाजी त्याच्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "काकीनं दूध पाजलं का ताक रं?"

कडेवरून चंद्राबाईची किंकाळी आली. "हंबीर!"

मग जे झाले ते वर्णन करायला मला शब्द नाहीत, आणि हे वाक्य मी व्यवसायात प्रथमच खरेपणाने लिहितो आहे. हंबीरराव लाल झाला. सयाजीला त्याने ओढले, रगडले, सयाजी मासोळीसारखा निसटला. पायांनी विळखा घातला, हनुवटीने, खांद्याने, उरलेल्या दंडाच्या खुंटाने रेटा दिला. त्या खुंटाकडे एरवी लोक पाहायचे टाळतात, नाहीतर टक लावून पाहतात. आज तो नुसता एक अवयव होता, हंबीररावाच्या बरगडीत रुतलेला. हलगीवाल्याने भजन सोडले. जोडलेले हात कधी सुटले, कळले नाही. मीही उभा राहून ओरडत होतो. काय ओरडत होतो ते लिहिणार नाही, संस्कृत नव्हते.

शेवटी हंबीररावाने सयाजीला उचलले आणि पाठीवर आपटले. लख्ख चितपट.

हंबीरराव भेदरून उभा. पाटील हातातली सुपारी विसरले. सयाजी उताणा, छाती वरखाली, डोळे उघडे. कोणी हलेना.

आणि मागच्या रांगेतून एक म्हातारा खवळून ओरडला, "आरं गाढवा! मुंडकं कशाला पुढं काढलंस? जितली हुतीस की!"

"व्हय की! आक्कल गहाण ठिवलीस काय!"

"टांग सोडायची न्हाई म्हणून किती येळा सांगायचं ह्या भाड्याला!"

मग धरणच फुटले. ज्यांनी शाली दिल्या होत्या ते ओरडत होते, पाटील ओट्यावरून खाली उतरून त्याच्या सात पिढ्या काढत होते. सयाजी उठला नाही. पाठीखाली माती, तोंडावर शिव्या, आणि तो अभिषेकाला बसल्यासारखा डोळे मिटून ऐकत होता. हसत होता की रडत होता, मला लांबून दिसले नाही.

कोल्हापूरच्या वस्तादाने मिशा सोडल्या आणि पाटलांना म्हणाला, "मला उगंच बोलावलं तुमी." जाताना जिलबी बांधून घेतली.

संध्याकाळी चावडीवर पाटील सयाजीशी धान्यावरून भांडत होते. एका हाताचा वस्ताद, मग धान्य थोडे कमी का नको? सयाजी म्हणाला, "खातो तोंडानं, पाटील." तासभर घासाघीस चालली. कोणी कोणाला हात जोडले नाहीत. शेवटी जोतिबांना मिळत होते तेवढ्यावरच मिटले.

सातारा, १६ एप्रिल

अण्णा बातमी छापायला तयार नाहीत. "हरला? मग यात प्रेरणा कुठे आहे? 'नैतिक विजय' घालू."

"घालू नका."

"'पराभवातही तेजस्वी'?"

"अण्णा, तो पडला. नीट पडला. त्यासाठीच तो गेले दोन महिने धडपडत होता."

अण्णांनी चष्मा काढून पुसला. मी छापखान्यातच बसून राहिलो, खिळे जुळेपर्यंत. बातमी दोन ओळींची आहे : वाडीच्या जत्रेत हंबीररावाने सयाजीस चितपट केले, सयाजी आता तेथील तालमीचे वस्ताद. खाली माझे नाव नाही. एवढ्या बातमीला ते शोभणार नाही.

वाचक नाराज होणार. रावसाहेबांनी शाल परत मागावी का, यावर बैठक बोलावली आहे असे कळते. ती वाकळीत शिवली गेली, हे त्यांना सांगायची जबाबदारी माझ्यावर न आली तर बरे.

वाडी, २४ एप्रिल

काल अक्षय्य तृतीयेला तालीम उघडली. मी आज सकाळी पोचलो. 'एका हाताने घडवलेले मल्ल' असा मथळा मोटारीतच सुचला होता. दाराशी एक गडी सयाजीला तावातावाने बोलत होता, की पहिल्याच दिवशी माझ्या लेकाचा कान का पिळला. सयाजी म्हणत होता, उद्या दुसरा पिळतो. छान चालले होते.

मी चपला काढून आत गेलो, मारुतीला नमस्कार केला आणि उपरणे सावरून भिंतीशी उभा राहिलो. मातीत दही, तेल, हळद घालून ती खणायची होती. मी म्हटले, "सयाजी, तुझ्याकडे पाहून मला..."

"वस्ताद म्हणायचं," तो म्हणाला.

"वस्ताद, तुमच्याकडे पाहून मला पुन्हा एकदा जी स्फूर्ती..."

त्याने कोपऱ्यातले फावडे उचलून माझ्या हातात दिले. "हितं नुसतं बघायला कुणी येत न्हाई पंत. पयली माती खणायची."

मी धोतर खोचले. खणली. वस्तादाने दोनदा सांगितले, की मी मेल्यासारखा खणतो. दुपारपर्यंत अर्धा आखाडा झाला. दोन्ही तळहातांना फोड आले आहेत, एक फुटलाही. टाक धरवत नाही, म्हणून आज एवढेच. उरलेला अर्धा आखाडा उद्या सकाळी.